नाकासमोरचा नियम

कोविडच्या साथीच्या दिवसांत लोक आरोग्य खात्याला फोन करत ते आजाराविषयी विचारायला, असा बाहेरच्यांचा समज असतो. न्यू जर्सीतल्या एका काउंटीत सरकारी सूचना सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत पोचवणं हे माझं काम. अनुभवाने सांगते, निम्मे फोन शेजाऱ्याविषयी असतात. अमक्याला परवानगी आहे का, तमका खरं बोलतोय कशावरून. 13 मे 2021 नंतर तर दुसरा विषयच उरला नाही.

त्या गुरुवारी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, तेव्हाच्या संचालक रोशेल वॉलेन्स्की यांनी जाहीर केलं, की लस पूर्ण होऊन दोन आठवडे उलटलेल्यांना बहुतेक ठिकाणी, अगदी बंद जागेतही, मास्कची गरज नाही. विमानं, बस, रेल्वे, दवाखाने अशी काही ठिकाणं वगळली. निर्णयाला आधार नव्हता असं नाही. मार्चअखेर आरोग्यसेवक आणि इतर अत्यावश्यक कामगार मिळून 3,950 जणांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांची दर आठवड्याला तपासणी होत होती, आणि दोन डोसांनी संसर्गच 90 टक्के टळत होता. लस घेतलेल्याला त्या वेळी धोका खरोखर कमी होता.

पण लस दंडात आणि मास्क तोंडावर. नियमाची अट कुणाला दिसत नव्हती आणि सूट सगळ्यांना दिसत होती. सगळी गडबड इथे झाली. तोंड उघडं ठेवून समोरून येणारा लस घेतलेला की लसीला शिव्या देणारा, हे ओळखायचं कसं? पुरावा म्हणाल तर पांढरा पुठ्ठ्याचा तुकडा, तोही पाकिटात न मावणारा, आणि खोटी कार्डं विकली जात असल्याचा इशारा एफबीआयने मार्चमध्येच दिलेला. दुसऱ्याच दिवशी वॉलमार्टने लसवंत गिऱ्हाइकांना मास्कमधून मोकळं केलं, ते अर्थात त्यांच्या शब्दावर. किराणा दुकानांतल्या कामगारांची संघटना आणि परिचारिकांची राष्ट्रीय संघटना, दोघींनी हरकत घेतली. मला ती हरकत शास्त्राविरुद्ध कधीच वाटली नाही. नियम वॉशिंग्टनने करायचा आणि राखायचा गल्ल्यावरच्या पोरीने, हे त्यांना पटत नव्हतं.

ती पोर मी पाहिली आहे. एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात कोथिंबीर-कढीपत्ता मापताना तिने मला विचारलं, ‘‘ताई, मी गिऱ्हाइकाला कसं विचारू, लस घेतली का म्हणून? तो म्हणेल, तू कोण विचारणारी?’’ तिच्या मागच्या दारावर ‘मास्क आवश्यक’ हा जुना कागद होता, त्यावर ‘राज्याच्या आदेशानुसार’ अशी पट्टी नव्याने चिकटवलेली. कारण आमचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी बंद जागेतला मास्क लगेच उठवला नव्हता. कोणी लस घेतली आणि कोणी नाही, हे दुकानातल्या माणसाने ओळखायचं कसं, हाच त्यांचाही मुद्दा होता. तो उठला 28 मेला; तोपर्यंत टीव्ही एक सांगत होता आणि दार दुसरं. भांडणं दारात होत.

प्रतिक्रिया म्हणाल तर नाना तऱ्हा. काहींनी आनंदाने केराच्या टोपलीत मास्क टाकले. वर्षभर नातवाला नीट हसताना न पाहिलेल्या आज्यांचं मी समजू शकते. जिथे मास्क आधीच गळ्यात उतरला होता, तिथे कुणाला काही वाटलंच नाही. आणि आमच्यासारख्या डेमोक्रॅटिक वळणाच्या गावांत वेगळीच गंमत. दोन्ही डोस घेतलेले सज्जन मोकळ्या बागेतही मास्क लावून फिरत, का, तर आपल्याला कुणी लसविरोधक समजू नये! म्हणजे मास्क आता जंतूंसाठी नव्हता, लोक काय म्हणतील यासाठी होता. आपल्याकडच्या माणसांना हे समजायला वेळ लागत नाही.

धास्तावले ते दोन प्रकारचे लोक. बारा वर्षांखालच्या मुलांचे आईबाप, कारण मुलांना लसच नव्हती. बारा ते पंधरा वयोगटाला मान्यता मिळूनही जेमतेम तीन दिवस झाले होते. दुसरे मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले रुग्ण. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अवयव-प्रत्यारोपण झालेले 658 जण तपासले होते. दोन डोसांनंतरही 46 टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली नाहीत. असा एक गृहस्थ फोनवर शांतपणे म्हणाला, ‘‘कागदावर मी लसवंत. मग मास्क काढू?’’ काढू नका, डॉक्टरांना विचारा, एवढं मी सांगू शकत होते. त्याच्या शेजाऱ्याने काढावा की नाही, हे मात्र त्या नियमात नव्हतं.

याच 13 मेला भारतात कोव्हिशिल्ड लसीच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे करण्यात आलं. आदल्या दिवसापासून महाराष्ट्रात तुटवड्यामुळे 18 ते 44 वयाचं लसीकरणच थांबलेलं. एडिसनमधली माणसं इथे मास्क काढायचा की नाही यावर वाद घालत आणि रात्री पुण्या-नाशकात ऑक्सिजनसाठी फोन लावत. त्यांना मास्क काढणं जमेना, यात नवल नाही.

पुढे विषाणूचा डेल्टा हा प्रकार आला. मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनच्या जुलैमधल्या उद्रेकात त्या राज्यातले 469 रुग्ण सापडले, त्यांतले 74 टक्के पूर्ण लस घेतलेले. 27 जुलैला सीडीसीने संसर्ग जास्त असलेल्या भागांत सगळ्यांनाच बंद जागेत मास्क लावायला सांगितलं. ‘‘तुम्ही नक्की काय ते एकदाच ठरवा,’’ हे वाक्य मग मी इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, हिंदीत आणि मराठीतही ऐकलं. विषाणू बदलला म्हणून सल्ला बदलला, हे खरं उत्तर होतं. पण मे महिन्यात ज्यांनी उत्सव केला होता त्यांना ते पळवाटीसारखं वाटलं.

मुंबईने त्याच सुमारास उलटा रस्ता धरला. 15 ऑगस्टपासून लोकल दोन डोसवाल्यांना खुली झाली, पण स्टेशनवर प्रमाणपत्र तपासून, शिक्का मारून, मगच पास. मास्क मात्र सगळ्यांना सक्तीचा. रांगा लागल्या, कुरकुर झाली. तरी डब्यात शेजारच्याच्या लसीविषयी तर्क करायची जबाबदारी प्रवाशावर नव्हती. व्यवस्था म्हणून मला ती जास्त प्रामाणिक वाटते, जरी अमेरिकेत ती आठवडाभरही टिकली नसती.

सीडीसीने 25 फेब्रुवारी 2022 ला पद्धतच बदलली. काउंटीला हिरवा, पिवळा किंवा नारिंगी रंग, आणि नारिंगी असेल तर बंद जागेत मास्क सगळ्यांना, लस असो वा नसो. त्यानंतर आमच्याकडे येणारे फोन फार कंटाळवाणे झाले. ‘‘आज आपला रंग कोणता?’’ एवढं विचारून लोक फोन ठेवून देत.