फाडलेले पान

यंदा आमच्या शाळेचा संघ क्रिकेटचा एक सामना फार मोठ्या फरकाने हरला. दुसऱ्या दिवशी धावांची वही उघडून पाहतो, तो त्या सामन्याचे पानच फाडलेले! वही सांभाळणारा विद्यार्थी स्वतः त्या दिवशी शून्यावर बाद झाला होता. खाली मान घालून तो म्हणाला, "सर, हरलेल्या सामन्याची नोंद कशाला ठेवायची?"

मला त्याच्यावर रागावता येईना. त्याच्याच वयात, गणितात नापास झालो तेव्हा, मी माझे प्रगतिपुस्तक फेरीबोटीतून मांडवीत सोडून दिले होते आणि वडिलांना ते हरवले म्हणून सांगितले होते.

त्या मुलाला मी नदीकाठच्याच एका हॉटेलाची हकीकत सांगितली. अमेरिकेत न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पश्चिम तीरावर, होबोकेन नावाचे गाव आहे. तेथे पूर्वी 'इलिशियन फील्ड्स' हे रमणीय उपवन होते. न्यूयॉर्कच्या 'निकरबॉकर' क्लबाचे सभासद बोटीने नदी ओलांडून तेथे बेसबॉल खेळायला येत आणि खेळ आटोपल्यावर मॅकार्टी यांच्या हॉटेलात भोजनास जमत.

या क्लबाने १८४५ साली खेळाचे नियम लिहून काढले. १९ जून १८४६ रोजी न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका संघाशी त्यांचा सामना झाला आणि नियम करणारेच २३ विरुद्ध १ असे हरले! तरीही त्यांनी आपल्या वहीत तो निकाल जसाच्या तसा नोंदविला. अपशब्द उच्चारल्याबद्दल एका खेळाडूस झालेला सहा सेंटांचा दंडही त्यांनी त्यात टिपून ठेवला. हाच बेसबॉलचा पहिला सामना, असे होबोकेनकर अभिमानाने सांगत आले. त्याआधीच्या, ऑक्टोबर १८४५ मधील सामन्यांच्या बातम्याही पुढे संशोधकांना सापडल्या. तरी गावाचा तो अभिमान ओसरला नाही.

ते हॉटेल आज नाही, ते विस्तीर्ण उपवनही नाही. त्या जागी १९३९ मध्ये कॉफीचा कारखाना आला. तोही १९९२ मध्ये बंद पडला. एक लहानशी बाग तेवढी जुने नाव धरून आहे. पण क्लबाच्या वह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सुरक्षित आहेत. पराभवाचे ते पान कोणी फाडले असते, तर त्या दिवसाची आठवण कशाच्या आधारे उरली असती?

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने सोबत्यांना विचारून विचारून ते पान पुन्हा लिहून आणले. आपल्या नावापुढचे शून्य त्याने ठळक काढले होते.

माझे वडील आता हयात नाहीत. प्रगतिपुस्तकाचे खरे त्यांना सांगायचे राहूनच गेले. ते आज येथे लिहून ठेवीत आहे.