दट्ट्या दाबण्याआधी

चि. सई,


‘मावशी, एवढं हौसेनं फ्रेंच प्रेस घेतलं आणि कपात नुसता चिखल!’ ही तुझी तक्रार पोचली. भांड्याला बोल लावू नकोस. तू त्यात घरातली फिल्टर कॉफीची पूड घातलीस. ती बारीक, शिवाय तिच्यात चिकोरी. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये दाट अर्क सावकाश ठिबकतो, पुढे दूध-साखर येऊन सगळं सांभाळून घेतात. प्रेसमध्ये मात्र बारीक पूड दट्ट्याच्या जाळीतून थेट कपात उतरते.

तेव्हा चिकमगळूरची बिनचिकोरीची अरेबिका आण आणि भरड दळून घे, जाड रव्याएवढी. अर्धा लिटर पाण्याला 30 ग्रॅम. उकळी आली की गॅस बंद करून जरा थांब. पुण्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे थर्मामीटरचं खूळ नको. पाणी ओतून चार मिनिटं ठेव. वर जमलेला थर चमच्यानं मोडलास की पूड खाली बसू लागते. मला तर आणखी पाच मिनिटं थांबलेली कॉफी जास्त आवडते. साका बसतो आणि चव स्वच्छ लागते. मग दट्ट्या, अगदी हलक्या हातानं. जोर लावावा लागला तर दळण बारीक झालंय असं समज. सगळी कॉफी लगेच ओतून घे, नाहीतर चोथ्यावर राहून कडू होते. शेवटचा घोट कपातच सोडायचा.

नाव फ्रेंच असलं तरी दट्ट्याच्या कडेला काचेशी घट्ट बसणारी स्प्रिंग 1929 च्या इटालियन पेटंटमधली, मिलानच्या कालिमानी आणि मोनेटा यांच्या. त्या स्प्रिंगमागे कॉफीचं तेल साचून खवट होतं, म्हणून धुताना दट्ट्या उलगडून प्रत्येक चकती वेगळी घास. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही.

तेलावरून आठवलं. कागदी गाळणीत अडकणारं, कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल या जाळीतून कपात येतं आणि ते कोलेस्टेरॉल वाढवतं. तुझ्या बाबांचा रिपोर्ट मागच्या वेळी काही फार बरा नव्हता. त्यांना रोज ही कॉफी देऊ नकोस. आजीची जायफळ घातलेली दुधाची कॉफी पातेल्यातच कर, प्रेसमध्ये दूध नको.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी