डॉक्टरांना न सांगितलेली औषधे



हा लेख लिहावा की लिहू नये, या विचारात माझे दोन-तीन महिने गेले. मी नाशिकरोडला राहतो. एका कार्यालयात लिपिक आहे. वीस वर्षांपासून वस्तीत चळवळीचे काम करतो. गंडे-दोरे, अंगात येणे, देवऋषी यांविरुद्ध बोलतो. १४ ऑक्टोबरला विहारात बावीस प्रतिज्ञांचे वाचन करायला बहुधा मीच उभा असतो. असा माणूस स्वत: आजारी पडला तेव्हा त्याने काय काय केले, हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. पण त्या लाजेनेच माझे नुकसान केले. आपल्या पुष्कळ घरांत तेच चालू असावे, म्हणून लिहितो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाची दुसरी लाट आली. वस्तीतील मुलांबरोबर मी दिवसरात्र बेड शोधत होतो, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावत होतो. त्याच लाटेत माझा थोरला भाऊ गेला. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. इतरांसाठी बेड मिळवले, अण्णासाठी मिळाला तो उशिरा.

लाट ओसरली, माणसे कामाला लागली. मला मात्र पहाटे तीनला जाग येऊ लागली. एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे. जेवणाची चव गेली. मी बी.कॉम. झालेला, आकड्यांत रमणारा माणूस. पण कॅशबुकाच्या एकाच पानाची बेरीज चार वेळा केली तर चार उत्तरे येत. सभेचे निमंत्रण आले की पोटात गोळा उठे. थकवा आहे, थकवा आहे, असे म्हणत आठ महिने काढले. शेवटी पत्नीने हट्टाने सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले.

डॉक्टरांनी नीट विचारपूस केली आणि म्हणाले, "याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, तुमचा दुबळेपणा नाही. गोळ्या सुरू करू. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. मनाने बंद करू नका." सकाळची एक गोळी होती. रात्रीची दुसरी, झोपेसाठी, थोड्या दिवसांपुरती.

पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, तोंडाला कोरड पडली, बरे मात्र काहीच वाटेना. याच काळात घरात दुसरी औषधे येऊ लागली. कार्यालयातील सहकाऱ्याने एका होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या दिल्या. गावाकडून मामांनी कोणा वैदूची पुडी पाठवली. "मेंदू शांत होतो," एवढेच त्याबरोबर सांगितलेले. अश्वगंधाच्या कॅप्सूल मी स्वत:च जाहिरात वाचून आणल्या. चळवळीतला एक मित्र म्हणाला, "गोळ्या कसल्या खातोस? इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये." मनमाडहून ताई आली, तिने परित्राण पाठाचा धागा हाताला बांधला. मी काहीच नाकारले नाही. आणि रुग्णालयात यातले काहीच सांगितले नाही.

असे का केले, याचा मी नंतर विचार केला. अडाणीपणा हे काही कारण नव्हते. मानसोपचाराची गोळी म्हणजे वेड्याची गोळी, ही समजूत माझ्याही मनात दडलेली होती. पुडी खाताना तो डाग लागत नव्हता. दुसरे कारण वेळेचे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी पाऊण तास बसवून माझे बालपण विचारले. सरकारी ओपीडीत दुसऱ्या खेपेपासून चार-पाच मिनिटे मिळत, कारण बाहेर पन्नास-साठ माणसे उभी. दोष मी त्या डॉक्टरांना देत नाही. पण दु:खी माणूस जिथे ऐकून घेतले जाते तिकडे वळतो.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत १९९७-९८ साली झालेल्या एका पाहणीत, तीव्र नैराश्य असल्याचे सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.६ टक्के लोकांनी वर्षभरात कोणता ना कोणता पूरक वा पर्यायी उपचार केला होता. त्याआधी १९९३ मध्ये तिथेच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांना ते सांगितलेच नव्हते. शिकलेल्या, पैसेवाल्या देशाची ही गोष्ट. आपल्या देशात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. त्यातले कितीतरी पुडी, अंगारा, धागा यांवरच असतील.

माझ्या बाबतीत पुढे काय झाले ते सांगतो. रात्रीची गोळी आणि दोन अश्वगंधा कॅप्सूल एकत्र घेतल्याने मी कार्यालयात टेबलावर पेंगू लागलो. वरिष्ठांनी दोनदा टोकले. मी निष्कर्ष काढला की ॲलोपॅथीच्या गोळ्यांनी डोके बधिर होते. तोवर दहा आठवडे झाले होते आणि मला थोडे बरे वाटत होते. त्याचे श्रेय मी पुडीला दिले. एका सोमवारी दोन्ही गोळ्या बंद केल्या, पुडी चालू ठेवली.

तीन-चार दिवसांत चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई. झोप पुन्हा उडाली. तीन आठवड्यांत मी पहिल्यापेक्षा खोल गेलो. एका संध्याकाळी घरी जाताना रेल्वेच्या पुलावर मी बराच वेळ उभा राहिलो. का उभा आहे ते मला कळत होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला, "पप्पा, येताना दोनशे पानी वही आणा." मी वही घेतली आणि घरी गेलो. त्या रात्री पत्नीला सगळे सांगितले.

ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तुम्ही कारकून आहात ना? मग हिशेब लिहून काढा." मुलीच्या त्याच वहीचे एक पान फाडून मी चार रकाने आखले: काय घेतले, कोणी दिले, कधीपासून, डॉक्टरांना सांगितले का. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला "नाही" लिहावे लागले.

दुसऱ्या दिवशी तो कागद आणि सगळ्या बाटल्या-पुड्या पिशवीत घालून आम्ही दोघे रुग्णालयात गेलो. मला वाटले, डॉक्टर संतापतील. ते म्हणाले, "हे बरे केलेत. पुष्कळ जण घेतात, सांगत नाहीत." पुलावरची गोष्ट त्यांनी आधी विचारून घेतली. मग एकेक ओळ वाचली.

पुडी त्यांनी लगेच बंद केली. तिच्यावर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा साधारण पाचांपैकी एकात शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले होते. तीही लेबल लावलेली औषधे होती. माझी पुडी तर कागदात बांधलेली.

अश्वगंधाबद्दल ते म्हणाले, "ही वनस्पती टाकाऊ नाही, तिच्यावर अभ्यास चालू आहेत. पण तिने गुंगी येऊ शकते, झोपेच्या गोळीबरोबर ती वाढते. थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, क्वचित यकृतालाही इजा होते." त्यांनी रक्ततपासणी केली, ती सुदैवाने ठीक निघाली. त्यांनीच सेंट जॉन्स वर्ट या युरोपातील वनस्पतीचे उदाहरण दिले. सौम्य नैराश्यात तिचा उपयोग होतो असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पण तीच नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतली तर जीवावर बेतू शकते, आणि ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करते. म्हणजे ज्या वनस्पतीत गुण आहे तिच्यात धोकाही असू शकतो. "झाडपाल्याने अपाय होत नाही" हे आपले म्हणणे खरे नाही.

होमिओपॅथीविषयी ते थोडक्यात बोलले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा तपासून, कोणत्याही आजारावर ती परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असे सांगितले आहे. पण त्या डॉक्टरांशी बोलून मला हलके वाटले होते, हे त्यांनी मान्य केले आणि मला समुपदेशकांकडे पाठवले. बोलण्याचाही उपचार असतो, तो शास्त्रशुद्ध मिळतो, हे मला तेव्हा कळले.

विपश्यनेविषयी मी भीत भीत विचारले. ते म्हणाले, "आता नको. या अवस्थेत दहा दिवस मौनात एकट्याने बसणे झेपणार नाही. केंद्राच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराची माहिती विचारतात." हे खरे आहे. साधना हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नाही, असे केंद्राचे नियमच सांगतात. पण दार त्यांनी बंद केले नाही. सजगतेच्या साधनेवर आधारलेला आठ आठवड्यांचा एक उपचार टीसडेल, विल्यम्स आणि सीगल या मानसशास्त्रज्ञांनी तयार केला आहे. ज्यांना नैराश्य पुन:पुन्हा येते त्यांनी बरे झाल्यावर ते परत येऊ नये म्हणून तो घ्यावा, अशी शिफारस ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने केली आहे. मुळात ती बुद्धाने शिकवलेली सती. पण ती केव्हा, कोणी, कोणाच्या देखरेखीखाली करायची, याला महत्त्व आहे. रोज सकाळी अर्धा तास भरभर चालायला मात्र त्यांनी त्याच दिवसापासून लावले.

पुढे मी विनयपिटकातील महावग्ग पुन्हा वाचला. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वत:च्या हातांनी धुतले, ही कथा आपण सगळे सांगतो. तिच्यापुढचा भाग आपण सांगत नाही. ज्याची शुश्रूषा करणे कठीण, अशा रुग्णाची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. त्यातले एक, तो औषध घेत नाही. दुसरे, आपले हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला तो आजार जसा आहे तसा सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत मला माझेच नाव दिसले.

राहिला ताईचा धागा. तो गंडाच नाही का, असे मी तिला विचारले होते. धाग्याने आजार जाईल असे मी मानले तर तो गंडाच. पण गुडघे दुखत असताना मनमाडहून येऊन ती चार दिवस माझ्या उशाशी बसली, हे त्या धाग्याने आठवत असेल, तर तो मनगटावर राहिला म्हणून बिघडले नाही. गोळ्या चालू ठेवल्या म्हणजे झाले.

याच आजारपणात मला वस्तीतील एक मावशी आठवल्या. सहा-सात वर्षांपूर्वी मुलगी बोलेनाशी झाली म्हणून त्या तिला एका भगताकडे नेत होत्या. मी भर विहारात त्यांना बोललो, "बाबासाहेबांनी एवढे केले आणि तुम्ही अजून तिथेच." लोकांनी माना डोलावल्या. मावशी पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. बरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली. तेव्हा कळले, मुलीला त्या काळात डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या. भगताने बंद करायला सांगितल्या, मावशींना विचारायचे होते की बंद करू का. पण माझ्यासारख्यांच्या भीतीने विचारले नाही. दोन वर्षे त्या मुलीची वाया गेली.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला हवा होता, तो आणायला डॉ. दाभोलकरांनी आयुष्य वेचले. अघोरी प्रकारांना आणि फसवणुकीला क्षमा नाही. पण आजाऱ्याला लाजवून तो बरा होत नाही, फक्त लपवायला शिकतो. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचे काम झाले. तिथले मुजावरच रुग्णाला आवारातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू लागले. आपल्याला धागा पटत नसेल, पण दवा सुटता कामा नये, एवढे तर आपणही पाहू शकतो.

म्हणून माझी विनंती आहे. घरात कोणाला नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर दुसरे जे काही घेता ते कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी बंद करायची असेल तर त्यांच्या सल्ल्याने हळूहळू करा. जीव नकोसा वाटला तर १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर फोन करा; तो २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि कार्यकर्ता बंधूंनो, कोणी अंगाऱ्याची पुडी दाखवली तर आधी एवढेच विचारा, "गोळ्या चालू आहेत ना?"

मावशींची मुलगी आता पुन्हा उपचार घेते. तिच्या तपासणीच्या दिवशी रांग लावायला मी सकाळी लवकर जातो. माझा केसपेपरही त्याच खिडकीवर असतो.

जयभीम.