अज्जीची वही आणि रिकामे चौकोन

माझी आई धारवाडची, वडील बेळगावचे. त्यामुळे आईची पाककृतींची वही दोन लिप्यांत आहे. पुरणपोळी मराठीत, तर तिच्यामागे येणारे ‘होळिगे सारु’ कन्नडात. आपल्या भागातल्या घरांत अशी वही काही नवलाची नाही. पण माझी ताई सुरतेत, उधन्याला असते. तिची मुले मराठी आणि गुजराती बोलतात. कन्नड त्यांना अज्जीला हाक मारण्यापुरतेच ठाऊक.

आईच्या वर्षश्राद्धाला ही वही छापून नातेवाइकांना द्यायची, असे ताईने ठरवले. जुळणीचे काम इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीने घेतले. कॉलेजचा प्रकल्प-अहवाल तिने ‘टेक’मध्ये केला होता. आपल्याच पुस्तकाची मुद्रिते पाहून नाराज झालेल्या डोनाल्ड नुथ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७७ साली ही प्रणाली लिहायला घेतली. ती फुकट मिळते. तिला लागणारी हजारो जोड-साधने, म्हणजे पॅकेजेस, इंटरनेटवरच्या भांडारात असतात. मागू ते पॅकेज आणून जागेवर लावणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर.

छापखान्याला फाइल द्यायच्या आदल्या दिवशी मी सुरतेला पोहोचलो, तर भाची रडकुंडीला आलेली. “मामा, कन्नड पाने होतच नाहीत. सगळे मराठीतच करून टाकू का?” ताई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा मला दिसला.

अनेक भाषा सांभाळणारे ‘पॉलिग्लॉसिया’ हे पॅकेज हवे होते. जागा वाचवायला भाचीने सुरुवातीला लहान संचच बसवला होता, त्यात ते नव्हते. आता मागावे तर कारभारी अडून बसला. पोर घाबरून प्रत्येक वेळी संदेश न वाचताच खिडकी बंद करत होती. वर्गात मुलांना सांगतो तेच तिला सांगितले : आधी प्रश्न नीट वाच. संदेश साधा होता. तुमचा संच २०२२ चा, भांडार त्याहून नव्या सालाचे, दोन्हींचा मेळ नाही.

‘टेक लाइव्ह’ या संचाची दरवर्षी नवी आवृत्ती निघते आणि जुनी गोठवली जाते. पण जुनी फेकून देत नाहीत. प्रत्येक सालाचे शेवटचे रूप जपून ठेवलेले असते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गणित विभागातही त्याची प्रत आहे. नवा संच पूर्ण उतरवायला रात्र गेली असती. म्हणून कारभाऱ्याला २०२२ च्या जुन्या भांडाराचा पत्ता दिला. काही मिनिटांत पॅकेज आले.

पाने झाली, पण कन्नड अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! मला भीमजी पारेख आठवले. सुरतेच्या या व्यापाऱ्याने १६७० साली ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला होता. कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह पाठवलाही. पण त्याला आपल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजींनी मग आपल्याच माणसांकडून अक्षरे करवून घेतली. आमचेही तेच झाले होते. यंत्र आले, खिळे आले नव्हते. भाचीने कन्नडालाही देवनागरी फाँटच नेमला होता. ‘नोटो’चा कन्नड फाँट उतरवून त्याचे नाव एका ओळीत लिहिले. संगणकवाले या रिकाम्या चौकोनांना ‘टोफू’ म्हणतात. टोफू नको, म्हणून ‘नोटो’!

रात्री साडेअकराला पडद्यावर ‘होळिगे सारु’ उमटले. ताईने ते मोठ्याने वाचले, अडखळत, पण वाचले. भाचा म्हणाला, “अगं, ही तर आपली कटाची आमटी!” मग आम्ही प्रत्येक कन्नड ओळीखाली तिचा उच्चार देवनागरीत घातला. त्यात पहाटेचे तीन वाजले.

वाचकहो, दूर गेलेल्या आपल्या मुलांच्या घरी एखादी भाषा अशीच अडून बसते. ती संपली असे समजून आपण पान गाळून टाकतो. तसे करण्याआधी जुना पत्ता एकदा विचारून पाहावा. आमचा तरी सापडला.