घरातल्या सर्वांत अशक्त पावलासाठी



पाऊस ओसरला की आपल्या बेळगावात घरोघरी डागडुजी निघते. नाताळाआधी घर नीटनेटके व्हावे असे प्रत्येकाला वाटते. मंडळीच्या सेवागटात आम्ही घरदुरुस्तीची कामे पाहतो, त्यामुळे या दिवसांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “खोलीत लॅमिनेट घालायचं आहे. आठ मिलिमीटरचं घेऊ की बाराचं?” विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. जाड ते चांगले, आणि परवडत नसेल तर पातळ. पण हे तितके सोपे नाही.

लॅमिनेटची पट्टी चार थरांची असते. मधला मुख्य थर लाकडाचे तंतू दाबून केलेल्या घट्ट बोर्डाचा. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद, कागदावर पारदर्शक कडक थर आणि सर्वांत खाली पट्टी वाकू नये म्हणून एक थर. बाजारात साधारण 6 ते 12 मिमी जाडीच्या पट्ट्या मिळतात. ही जाडी मुख्यतः मधल्या बोर्डाची असते. रोजची झीज सोसतो तो वरचा पारदर्शक थर, आणि त्याची ताकद जाडीवरून कळत नाही. खोक्यावर एसी 3, एसी 4 असा दर्जा लिहिलेला असतो, तो पाहावा लागतो. घरासाठी एसी 3 सहसा पुरतो. वर्दळ जास्त असेल तर एसी 4 घ्यावा. एसी 4 ची आठ मिमी पट्टी एसी 3 च्या बारा मिमीपेक्षा झिजेला जास्त टिकते.

मग जाडीचा उपयोग काय? पावलाखाली भरीव वाटते, चालण्याचा आवाज कमी होतो, पट्ट्यांचे सांधे बळकट राहतात आणि खालचा अगदी किरकोळ उंचसखलपणा झाकला जातो. वरच्या मजल्यावर मुले धावत असतील तर 10 किंवा 12 मिमीला अर्थ आहे. पण खालची जमीनच खचलेली असेल, तर बारा मिमीची पट्टीही काही काळाने हलू लागते, कुरकुरते आणि सांध्यातून उघडते.

आमच्या मंडळीतील एका आजींच्या घरी हा प्रश्न केवळ पैशांचा राहिला नाही. पडून खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांचे ऑपरेशन झाले होते आणि त्या वॉकर घेऊन चालू लागल्या होत्या. जुनी मोझॅकची फरशी पावसाळ्यात गार पडते, पायांत कळ येते, म्हणून त्यांच्या खोलीत लॅमिनेट घालायचे ठरले. मुलगा पुण्याला. त्याने फोनवर सांगितले, “खर्चाची काळजी करू नका, सगळ्यात जाड घ्या.” दूर राहणाऱ्या मुलाचे प्रेम असेच बोलते. त्या प्रेमाला नाही कसे म्हणायचे?

आम्ही सुतारमामांना घेऊन गेलो. दोन मीटरची सरळ पट्टी फरशीवर आडवी ठेवली, तर खिडकीजवळ जमीन जवळजवळ सहा मिमी खचलेली. एवढ्या लांबीत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग मोरीचे दार पाहिले. आपल्या घरांत मोरी खोलीपेक्षा थोडी खालीच असते. बारा मिमीची पट्टी आणि तीन मिमीचा फोम म्हणजे खोली पंधरा मिमी वर येणार. मोरीत उतरताना पायरी तेवढी खोल, आणि व्हरांड्यातून खोलीत येताना वॉकरच्या पुढच्या पायांना तेवढीच अडणारी कड. आठ मिमीची पट्टी आणि दोन मिमीचा फोम घेतला तर दहा मिमी, आणि दाराशी उताराची पट्टी लावली की वॉकर सहज सरकेल.

आजी पलंगावरून सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “बाळांनो, मला जाड नको. मला सपाट हवी.”

आम्ही मुलाला फोन केला. “दादा, पैसे तेवढेच लागू द्या, पण पट्टीच्या जाडीत नको, खाली घालूया.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “आई रात्री मोरीला किती वेळा उठते?” त्या एका प्रश्नात जाडी ठरली.

वाचलेल्या पैशांतून खचलेली जागा भरून जमीन समतल केली. त्याआधी फरशीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी खाली दव आढळले नाही. तरी फोमखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, कारण आपल्याकडचा पाऊस जमिनीतूनही वर येतो आणि ओल लागली की बोर्ड फुगतो. वाळवीचा उपचारही आधीच करून घेतला. पट्ट्यांची खोकी दोन दिवस त्याच खोलीत ठेवली. भिंतीला लागून सुमारे दहा मिमी फट सोडली आणि ती स्कर्टिंगने झाकली. शेवटी दाराजवळचे सैल पायपुसणे उचलून टाकले.

नियमशास्त्रात घरबांधणीविषयी एक आज्ञा आहे (अनुवाद 22:8). नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. देव कठड्याचा विचार करतो, हे आम्हाला फार धीर देणारे वाटते. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई करणारा तोच देव आहे (लेवीय 19:14). पुढे पौल हाच शब्द विश्वासणाऱ्यांच्या परस्पर वागण्याला लावतो (रोमकरांस 14:13). अडखळण बहुतेक वेळा वैराने ठेवलेली नसते. पंधरा मिमीची ती कड आईवरच्या प्रेमापोटीच उभी राहणार होती.

आपल्या मंडळीतही हे तपासायला हवे. आपण प्रेमाने काही वाढवतो : उपासना लांबवतो, व्यासपीठ उंच करतो, स्पीकर मोठे आणतो. ज्याला ऐकू कमी येते, ज्याचे गुडघे दुखतात, जो पहिल्यांदाच आला आहे आणि ज्याला गीताचे पान सापडत नाही, त्याला ते ओलांडता येते का? प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात शहाणा मनुष्य खोल खणतो (लूक 6:48). ते खणणे पूर आल्याशिवाय कोणाला दिसत नाही. आजींच्या खोलीत गेलेले बहुतेक पैसेही आता कोणाला दिसत नाहीत.

म्हणून आठ की बारा असे विचारणाऱ्यांना आम्ही आता आधी एवढेच विचारतो : तुमच्या घरात सर्वांत अशक्त पाऊल कोणाचे आहे? ते कुठून कुठे जाते, हे मोजा. जमीन सपाट आणि कोरडी करा. मग जाडी ठरवा.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या घरांत आणि तुझ्या घरात जे दुर्बल आहेत त्यांची वाट आम्हाला दिसू दे. आमचे प्रेम त्यांच्या पायांत आडवे येऊ नये, तर त्यांच्या पायांखाली सपाट जमीन व्हावे. येशूच्या नावाने, आमेन.