धाक आणि वारसा

गेल्या वर्षी जयंतीची तयारी सुरू असताना आमचा पंधरा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "आई, मी येणार नाही. मला तुमचे आंबेडकर आवडत नाहीत." मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्यावर हात उगारण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. तो रडला नाही, ओरडलाही नाही. आपल्या खोलीत निघून गेला आणि पुढचे नऊ दिवस माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

हे लिहावे की लिहू नये, यावर मी पुष्कळ विचार केला. १४ एप्रिलला आपण भेटतो तेव्हा मुलांचे गुण, प्रवेश आणि पदव्या यांविषयी भरभरून बोलतो. घरातल्या अबोल्याविषयी मात्र कुणी बोलत नाही. तो अबोला केवळ माझ्याच घरात नसावा, असे वाटल्यामुळे हे लिहीत आहे.

वादाचे मूळ शिक्षणात होते. मुलाला दहावीनंतर गिम्नाझियम सोडायचे होते आणि आउसबिल्डुंग घेऊन सुतार व्हायचे होते. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात काम, काही दिवस व्यवसाय-शाळा, असे तीन वर्षांचे ते प्रशिक्षण. जर्मन शेजाऱ्यांना यात काहीच वावगे वाटले नाही. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत सूतकताई खात्यात राबले, वडील कारकून झाले, मी अभियंता झाले. तीन पिढ्यांनी चढलेल्या पायऱ्या हा मुलगा उतरायला निघाला आहे, असे मला वाटले. मग रोजचे पालुपद सुरू झाले. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत. बॉन विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी ते १९२१ मध्ये ज्या देशात आले, त्या देशात तू जन्मलास, आणि तुला एक गणित जमत नाही?

थोबाडीत मारल्यानंतर मला दुसरीच भीती वाटू लागली. जर्मनीत २००० सालापासून मुलांना हिंसामुक्त संगोपनाचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यात चापटही येते. युगेंडआम्टविषयी आपल्या लोकांत जे ऐकू येते, त्यामुळे कोणत्याही कचेरीत जाण्याचे धैर्य झाले नाही. भारतातल्या एखाद्या समुपदेशकाशी व्हिडिओवर मराठीतून बोलावे, असेही मनात आले. पण तिथे पहिला प्रश्न आडनावाचा येणार आणि दुसरा गावाचा. त्यानंतर समोरच्याचा स्वर कसा बदलतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

अखेर एका रात्री मी बीकेईच्या ऑनलाइन समुपदेशन सेवेत लिहिले. फ्युर्थ येथील ही संस्था जर्मनीतल्या कुटुंब-समुपदेशन केंद्रांची शिखर संघटना आहे. तिची सेवा विनामूल्य आहे, आणि तिथे खरे नाव नव्हे, तर स्वतः घेतलेले टोपणनाव चालते. माझे आडनाव कुणी विचारले नाही. इतक्या वर्षांत प्रथमच मी आडनावाशिवाय माझे दुःख मांडत होते. माझी जर्मन कामापुरती आहे. "घुसमट" या शब्दाला प्रतिशब्द सापडेना, तेव्हा चार वाक्ये लिहिली.

दोन दिवसांनी उत्तर आले. त्यात मला दोष दिलेला नव्हता, आणि चापटीचे समर्थनही नव्हते. मुलाची बिनशर्त माफी मागा, "पण" हा शब्द न वापरता मागा, एवढे स्पष्ट लिहिले होते. शेवटी एक प्रश्न होता: "तुमच्या पत्रात एका थोर माणसाचे नाव पाच वेळा आले आहे. मला ते ठाऊक नाहीत. ते कोण होते, आणि तुमच्या मुलाला ते कोण आहेत असे वाटते?"

पहिल्याच वाक्यावर मी थबकले. बाबासाहेब ठाऊक नसलेल्या माणसाला बाबासाहेब सांगायचे होते. मी लिहीत गेले. शाळेत बसण्यासाठी घरून न्यावे लागणारे गोणपाट. शिपायाने वरून ओतल्याशिवाय न मिळणारे पाणी. माझ्या आजोबांची गिरणी, जिथे जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा ओढायला तोंड लावावे लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. तीन पाने झाली तेव्हा लक्षात आले, की यातले एक अक्षरही मी माझ्या मुलाला कधी सांगितलेले नाही. जातीचा शब्द त्याच्या कानावर पडू नये, म्हणून मी सारा इतिहास लपवला होता आणि त्याच्या हाती फक्त गुणपत्रिका दिली होती. त्याला न आवडणारे आंबेडकर मीच घडवले होते. ते फक्त धाक दाखवणारे होते.

उत्तरासाठी थांबावे लागणे, हा या पद्धतीचा दोष असेल असे मला आधी वाटले होते. पण त्या थांबण्यानेच मला शिकवले. भगवान बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश आपण वाचतो: आरशात पाहावे तसे कृतीपूर्वी, कृती करताना आणि कृतीनंतरही तिच्याकडे पाहावे. हा उपदेश मी नेहमी मुलांसाठीच मानत आले होते. तो एका पित्याने केलेला आहे, आणि तो आईबापांनाही लागू आहे, हे पत्र लिहिताना उमगले.

मी माफी मागितली. मग एका रविवारी त्याला पणजोबांची गिरणी सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "म्हणजे त्यांना हवे ते काम करू दिले नाही. आणि तूही मला करू देत नाहीस." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. माणसाचे काम त्याच्या आवडीने आणि कुवतीने नव्हे, तर जन्माने ठरते, हाच तर बाबासाहेबांनी १९३६ च्या "जातिप्रथेचे निर्मूलन"मध्ये जातिव्यवस्थेवर घेतलेला एक मोठा आक्षेप होता. लादलेला धंदा आणि निवडलेला धंदा यांतला फरक मुलाने मला दाखवला.

सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. तो सुतार होईल याची हुरहूर मला अजून आहे, आणि यंदाच्या जयंतीला तो फक्त तासभर आला. पण जाताना त्याने मंचाची डुगडुगणारी पायरी ठोकून नीट केली. या काळात त्यानेही कुठे मन मोकळे केले असेल का, हे मी विचारलेले नाही. २०२१ पासून इथल्या मुलांना आईवडिलांना न कळवता समुपदेशन घेण्याचा हक्क आहे. तो त्याचा आहे.

आपल्यापैकी कुणाच्या घरात असा अबोला असेल, तर संकोच करू नये. बीकेईकडे पालकांना लिहिता येते, तसेच किशोरवयीन मुलांनाही. बोलणे सोपे वाटत असेल, तर पालकांसाठी ०८०० १११ ०५५० आणि मुलांसाठी ११६ १११ हे विनामूल्य दूरध्वनी आहेत. तिथेही नाव सांगावे लागत नाही. मदत मागणे म्हणजे समाजाची मान खाली घालणे नव्हे. आणि बाबासाहेबांचे नाव मुलांसमोर घेताना एकदा स्वतःला विचारावे: आपण त्यांना वारसा देत आहोत, की धाक?

जय भीम!