चुन्याखालचा गुलमोहर

२०१६ च्या नोव्हेंबरात अप्पांना घेऊन इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पणजीला गेलो होतो. अप्पांनी सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. आता उजवा हात थरथरतो, ब्रश धरवत नाही. त्या वर्षीचा उद्घाटनाचा चित्रपट होता आंद्रे वायदांचा ‘आफ्टरइमेज’. वायदा नुकतेच, ९ ऑक्टोबरला, नव्वदाव्या वर्षी गेले होते. हा त्यांचा शेवटचा चित्रपट.

गोष्ट पोलंडमधल्या वूच शहरातल्या स्त्शेमिन्स्की या चित्रकाराची. पहिल्या महायुद्धात त्याचा एक हात आणि एक पाय गेलेला. जमिनीवर बसून तो चित्र काढायला घेतो आणि कॅनव्हास एकदम लालभडक होतो. बाहेर स्टालिनचं भलंमोठं लाल कापड इमारतीवर चढवलं जातंय, त्यानं खिडकी झाकली गेलीय. तो कुबडीनं ते कापड टराटरा फाडतो, तेव्हा कुठे आत उजेड येतो. तिथून त्याची परवड सुरू होते. सरकारला हवी तशी चित्रं काढत नाही म्हणून १९५० साली त्याची शिकवण्याची नोकरी जाते. मग चित्रकार संघाचं सभासदत्व जातं, आणि सभासद नाही म्हणून दुकानदार त्याला रंग देत नाही. खिशात पैसे असून रंग मिळत नाहीत! त्या प्रसंगाला अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. पुढे क्षयानं पोखरलेला तो माणूस दुकानाच्या काचेमागे, पुतळ्यांना कपडे चढवता चढवता कोसळतो. १९५२ च्या डिसेंबरात तो गेला.

त्यानं वूचच्या संग्रहालयात १९४८ साली एक अख्खी खोली रंगांनी रचली होती. तीही १९५० मध्ये मोडून टाकली. १९६० साली पुन्हा उभी केली. मांडवीच्या काठी बाकावर बसल्यावर मी हे अप्पांना सांगितलं. ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.

माझ्या लहानपणी अप्पांनी मुलांना हाताशी घेऊन शाळेची एक भिंत रंगवली होती. कुणा पाहुण्याला ती खटकली आणि सुट्टीत तिच्यावर चुना फिरला. अप्पा त्याबद्दल घरात कधी चकार शब्द बोलले नव्हते.

“डावीकडे विहीर होती,” ते म्हणाले. थरथरता हात हवेत वर गेला. “इथं रहाट. पोरी पाणी भरतायत. ह्या कोपऱ्यात गुलमोहर. त्याचा तांबडा जरा जास्तच झाला होता रे, थोडा पिवळा घालायला हवा होता.”